ॲम्प्लिफायर आणि स्पीकर : जोडी कशी जमवावी?



या व्यासपीठावरून एरवी इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय मांडले जातात. त्यांच्या पंक्तीत ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांना पाट मांडलेला पाहून काही मंडळींना नवल वाटले असेल. पण गाणे ऐकावयाचे म्हटले की दर वेळी मैफलीला जाणे कोणाला साधते? बहुतेक वेळा आपण ते घरीच ऐकतो, आणि मग गवयाच्या गळ्यातून निघालेला स्वर आपल्या कानापर्यंत कोणत्या स्थितीत येऊन पोहोचावा, हे या दोन वस्तूंच्या हाती जाते. शिवाय यात पैसा गुंतलेला असतो. मध्यमवर्गीय गृहस्थ दोन-तीन वर्षे शिल्लक टाकून चांगला संच घेतो. आणि घरी आणून जोडल्यावर तंबोरा किरकिरतो, डग्गा घुमतो तरी किंवा लोळतो तरी, आणि सहा महिन्यांत एका स्पीकरचा बारीक आवाज कायमचा बंद होतो. स्पीकरही चांगला असतो, ॲम्प्लिफायरही चांगला असतो. दोघांचे जमलेले नसते, इतकेच.

दुकानात शिरल्याबरोबर बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात, "वॅट किती?" आमचे आजचे सांगणे असे की, हा प्रश्न चुकीचा नसला तरी पहिला नव्हे. त्याच्या आधी दोन प्रश्न विचारावयाचे असतात, आणि त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे वॅटचे उत्तर पुष्कळदा आपोआप निघते.

आरंभी शब्दांविषयी. आपल्याकडे 'ध्वनिवर्धक' हा शब्द कधी ॲम्प्लिफायरसाठी, कधी भोंग्यासाठी आणि कधी मांडवातल्या साऱ्या सरंजामासाठी वापरतात. तेव्हा घोटाळा नको म्हणून आम्ही बाजारातलेच शब्द वापरतो. ॲम्प्लिफायर म्हणजे क्षीण विद्युत्संकेताला बळ देणारे यंत्र. स्पीकर म्हणजे त्या बळावर पडदा हलवून हवेत आवाज उत्पन्न करणारी पेटी. आणि 'इंपीडन्स' म्हणजे येणाऱ्या विद्युत्प्रवाहाला स्पीकर जो अडथळा करतो तो. तो ओहममध्ये मोजतात. स्पीकरच्या पाठीवर '८ ओहम' किंवा '४ ओहम' असे लिहिलेले असते ते हेच.

आता 'मॅचिंग' या शब्दाने एक जुना गैरसमज पसरवून ठेवला आहे. टेलिफोनच्या तारा जेव्हा मैलोगणती पसरू लागल्या, तेव्हा तारेच्या एका टोकाचा इंपीडन्स दुसऱ्या टोकाशी समान असला तर जास्तीत जास्त शक्ती पलीकडे पोहोचते, हा नियम इंजिनियरांनी पाठ केला. तेथे तो योग्यच होता. पुष्कळांना वाटते की घरातही तसेच : आठ ओहमचा स्पीकर, तर ॲम्प्लिफायरच्या आत आठ ओहम. तसे मुळीच नसते. आजच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत इंपीडन्स ओहमच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो. वीजमंडळ आणि आपल्या घरचा दिवा यांचे नाते आठवावे. मंडळ दिव्याच्या बरोबरीला येत नाही. ते २३० व्होल्ट दारात आणून ठेवते. दिवा आपल्याला लागेल तेवढा प्रवाह ओढतो, आणि इस्त्री लावली की ती पुष्कळ जास्त ओढते. ॲम्प्लिफायरने व्होल्टेज ठेवावयाचे आणि स्पीकरने प्रवाह ओढावयाचा, असा हा व्यवहार आहे. तेव्हा खरा प्रश्न समानतेचा नसून असा की, स्पीकर जेवढा प्रवाह मागेल तेवढा देण्याची ऐपत ॲम्प्लिफायरच्या अंगी आहे काय?

आणि स्पीकर काही ठरावीक मागणी करीत नाही. पाठीवरचे '८ ओहम' हे नाममात्र असते. खर्जातल्या एका विशिष्ट स्वराला पेटीतला पडदा आपणहून झुलू लागतो. तेथे इंपीडन्स वीस-तीस ओहमपर्यंत किंवा त्याहूनही वर चढतो. मध्यावर तो उतरतो, पुढे पुन्हा चढतो. आंतरराष्ट्रीय मानक असे सांगते की, लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो कोठेही जाऊ नये. म्हणजे आठ ओहम लिहिले तर ६.४ ओहमच्या खाली नाही. पण सर्वच कारखानदार हे पाळतात असे नाही. चार ओहमपर्यंत उतरणाऱ्या पेटीवर आठ लिहिलेले आम्ही पाहिले आहे. शंका आली तर साधा मल्टिमीटर दोन टोकांना लावून पाहावा. खऱ्या आठ ओहमच्या स्पीकरला तो साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, चार ओहमच्याला तीन-साडेतीन. ही मोजणी स्थूल आहे, पण फसवणूक उघडी पाडायला पुरते.

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच करून ठेवतो. १९५० नंतरच्या दशकात फिलिप्स कंपनीने काही रेडिओ असे काढले होते की, त्यांत मध्ये ट्रान्सफॉर्मर नसे आणि स्पीकर ८०० ओहमचा असे. असा स्पीकर जुन्या बाजारात मिळाला आणि हौसेने आजच्या ॲम्प्लिफायरला लावला, तर यंत्र बिघडणार नाही, पण आवाज इतका बारीक येईल की यंत्रच बिघडले असे वाटेल.

थोडा हिशेब करू. आठ ओहमवर ५० वॅट देणारा ॲम्प्लिफायर म्हणजे २० व्होल्ट ठेवणारा. त्या वेळी प्रवाह अडीच अँपियर जातो. तेच वीस व्होल्ट चार ओहमच्या स्पीकरवर ठेवले तर प्रवाह पाच अँपियर आणि शक्ती १०० वॅट झाली पाहिजे. झाली पाहिजे, पण होतेच असे नाही. त्यासाठी आतला ट्रान्सफॉर्मर जाड आणि ट्रान्झिस्टरांमागचा उष्णता घालवणारा पत्रा मोठा लागतो, आणि स्वस्त यंत्रात काटकसर नेमकी येथेच केलेली असते. म्हणून माहितीपत्रकात आठ ओहमचा आणि चार ओहमचा असे दोन्ही आकडे पाहावेत. दुसरा पहिल्याच्या दीडपटीच्या आसपास किंवा वर असेल तर यंत्र दमदार समजावे. चारचा आकडाच छापलेला नसेल, किंवा '६ ते १६ ओहम' एवढेच लिहिले असेल, तर चार ओहमच्या पेटीची जोडी त्याच्याशी जमवू नये.

पुष्कळ घरांत दिवाणखान्यात एक जोडी असते, आणि मग सौभाग्यवतींच्या सूचनेवरून स्वयंपाकघरात दुसरी जोडी त्याच खुंट्यांना जोडली जाते. दोन्ही चार-चार ओहमच्या असल्या तर ॲम्प्लिफायरला दोनच ओहम दिसतात. आधी यंत्र तापते, मग संरक्षक मंडल असल्यास ते मधूनमधून आवाज तोडते, आणि नसल्यास एके दिवशी धूर निघतो. आठ-आठच्या दोन जोड्यांचे चार ओहम होतात. ते बहुतेक बऱ्या यंत्रांना झेपते.

आता दुसरा प्रश्न. आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा आहे. स्पीकरची 'सेन्सिटिव्हिटी', म्हणजे संवेदनक्षमता, किती? एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर तो किती डेसिबेल आवाज करतो, याचा हा आकडा. डेसिबेलची चाल मात्र वेगळी आहे. ३ डेसिबेल वाढवावयाचे तर शक्ती दुप्पट लागते, १० वाढवावयाचे तर दसपट. आणि ही दसपट शक्ती खर्चूनही कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. पन्नास वॅटचा ॲम्प्लिफायर बदलून शंभरचा आणणाऱ्याने आवाज दुप्पट होईल अशी आशा धरली, तर त्याच्या पदरी ३ डेसिबेल पडतात. एवढा फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाच कळतो. पैशांतला फरक मात्र सर्वांना कळतो.

उलट दोन स्पीकरांमधले अंतर केवढे असू शकते ते पाहा. पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात एक भलाथोरला स्पीकर बनवला, क्लिप्शहॉर्न नावाचा. तो खोलीच्या कोपऱ्यात बसतो आणि भिंतींनाच कर्ण्याचा भाग करून घेतो. त्याचा आकडा कंपनी सुमारे १०५ डेसिबेल सांगते. इकडे बी. बी. सी.ने १९७० नंतरच्या दशकात आपल्या बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांत बसावा म्हणून एलएस-थ्री-फाइव्ह-ए हा चिमुकला स्पीकर तयार केला. त्याचा आकडा सुमारे ८३. दोन्ही आपापल्या परीने थोर मानले गेले. परंतु पहिला एका वॅटात जेवढा आवाज करील, तेवढा करायला दुसऱ्याला दीडशेच्या वर वॅट लागतील, आणि तेवढे वॅट तो सहनच करणार नाही.

असे का होते, याचा एक सुंदर नियम आहे. अमेरिकेतल्या के. एल. एच. कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक हॉफमन होते. विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे ते चिरंजीव. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा : पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि संवेदनक्षमता मोठी हवी, या तीन मागण्यांपैकी कोणत्याही दोन पुऱ्या होतील, तिसरी सोडावी लागेल. एडगर विल्चर यांनी १९५४ साली बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. जगभरच्या दिवाणखान्यांत लहान पेट्या आल्या त्या तेव्हापासून, आणि मोठ्या शक्तीच्या ॲम्प्लिफायरची गरजही तेव्हापासूनच वाढू लागली. तोवर घरात पंधरा वॅट म्हणजे चैन होती. १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात प्रसिद्ध झालेला विल्यमसन यांचा ॲम्प्लिफायर जगभर हौशी लोकांनी हाताने जोडला. तो पंधराच वॅटचा होता. आपल्या आजोबांच्या कर्ण्याच्या ग्रामोफोनला तर वीजच नव्हती. तबकडीवरून फिरणाऱ्या सुईचे बळ आणि कर्ण्याची करामत, एवढ्यावर सारी आळी ऐकत असे.

आता हे सारे आपल्या घरात आणू. दिवाणखाना दहा बाय पंधरा फुटांचा, ऐकणारा स्पीकरपासून दहा फुटांवर, आणि स्पीकर ८७ डेसिबेलचे. आज बाजारात मिळणारे पुष्कळसे याच्याच आसपासचे असतात. अंतरामुळे आवाज घटतो, पण दुसरा स्पीकर आणि फरशी-भिंतींवरून परतणारा आवाज त्यातला काही भाग भरून काढतात. ठोकळमानाने ६ डेसिबेल घट धरू. म्हणजे एका वॅटाला कानाशी ८१ डेसिबेल. निवांत पण भरघोस ऐकण्याला सरासरी ७५ पुरतात. त्याला किती शक्ती लागेल? पाव वॅट! हे ऐकून दोनशे वॅटची जाहिरात वाचून आलेला मनुष्य चकित होतो.

पण गाणे सरासरीवर चालत नाही. विलंबित ख्यालाची आलापी चालली आहे, स्वर तंबोऱ्यात मिसळला आहे, आणि तबलजीने समेवर थाप मारली. ती थाप क्षणार्धाची असते, पण सरासरीच्या १५-२० डेसिबेल वर उडी घेते. २० डेसिबेल म्हणजे शंभरपट. पाव वॅटचे तेथे पंचवीस वॅट झाले. आता कोणी उत्साहाने सरासरी ८५ डेसिबेलवर नेली, तर चालते गाणे अडीच वॅटात होईल. पण त्या थापेला २५० वॅट लागतील. तेवढे नसतील तर काय होते? ॲम्प्लिफायर आपल्या व्होल्टेजच्या मर्यादेला टेकतो आणि लाटेचा माथा सपाट छाटला जातो. कानाला ते थापेचा जोर गेल्यासारखे, तार सप्तकातला स्वर चिरकल्यासारखे लागते. आपण म्हणतो, रेकॉर्डिंगच वाईट. कित्येकदा रेकॉर्डिंगचा काही दोष नसतो.

बारीक स्वरांचा स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बहुधा येथेच जळतो. त्याच्या वेटोळ्याची तार केसासारखी असते आणि त्याला सतत थोडेच वॅट सोसतात. एरवी संगीतातल्या शक्तीचा लहानसा हिस्साच त्याच्या वाट्याला येतो, म्हणून तो टिकतो. माथे छाटले जात असताना आपण बटण फिरवतच राहिलो, तर खर्ज अडून बसतो, वरचा भाग मात्र वाढत जातो, आणि छाटण्यातून उत्पन्न झालेले नवे कर्कश स्वर त्यात भर घालतात. दुकानदार याचे सूत्र करून सांगतात की, लहान ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो, म्हणून मोठा घ्या. हे अर्धसत्य आहे. लहान ॲम्प्लिफायर बेताने वाजवला तर जन्मभर काही जाळीत नाही, आणि मोठा ॲम्प्लिफायर बेसुमार वाजवला तर तोही जाळतो. आवाज चिरकू लागला की बटण मागे घ्यावे. याहून मोठे संरक्षण कोणत्याही मंडलात नाही.

स्पीकरच्या पाठीवर '१०० वॅट' लिहिलेले असते, त्याचा अर्थही येथेच सांगतो. पुलावर 'दहा टनांहून जड वाहन नेऊ नये' अशी पाटी असते, म्हणून त्यावरून दहा टनांचेच वाहन गेले पाहिजे असे कोणी म्हणत नाही. तशीच ही पाटी आहे. शंभर वॅटच्या स्पीकरला शंभर वॅटचाच ॲम्प्लिफायर हवा, हा समज सोडून द्यावा. ८७ डेसिबेलच्या स्पीकरला दिलेल्या शंभर वॅटांपैकी आवाज होऊन हवेत एक वॅटसुद्धा जात नाही. बाकी सारे वेटोळ्यात उष्णता होऊन राहते. पाठीवरचा आकडा ती उष्णता सोसण्याचा आहे.

पुलाच्या पाटीकडे दुर्लक्ष केल्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. पीटर वॉकर यांच्या इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीने १९५७ साली एक अपूर्व स्पीकर बाजारात आणला. त्यात वेटोळे नव्हते, शंकू नव्हता. विजेच्या भाराने थरथरणारे पातळ पडदे होते. मनुष्याचा गळा त्याच्यासारखा स्वच्छ वठवणारे यंत्र विरळाच, असे जाणकार आजही म्हणतात. त्याचा इंपीडन्स खर्जात तीस ओहमच्या पुढे, तर अगदी वरच्या टोकाला दोन ओहमच्या खाली. कंपनीचाच पंधरा वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याच्यासाठी होता, आणि ती जोडी गुण्यागोविंदाने नांदली. पुढे मोठे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर निघाले आणि लोकांनी हौसेने ते याला जोडले. कित्येक पडदे ठिणग्या पडून जळाले. जास्त शक्ती म्हणजे जास्त चांगले, या समजुतीचीच ती किंमत होती.

व्हॉल्व्हचे नाव निघाले म्हणून, त्याचे जे शौकीन येथे असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. व्हॉल्व्हच्या यंत्रात शेवटी ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला ४, ८, १६ अशा वेगळ्या खुंट्या असतात. तेथे मात्र 'मॅचिंग' या शब्दाला जुना अर्थ उरला आहे. आपल्या स्पीकरशी मिळणाऱ्या खुंटीपासून सुरुवात करावी; शेजारची लावून पाहिल्याने अपाय होत नाही, जी कानाला बरी वाटेल ती ठेवावी. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही वाजवू नये. ट्रान्झिस्टरला त्याची फिकीर नसते. व्हॉल्व्हच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र भारावाचून इतके व्होल्टेज चढते की वेष्टन फुटते. आणि तीनशे-बी या नामांकित एका व्हॉल्व्हची आठेक वॅटची यंत्रे आज पुन्हा लोकप्रिय झाली आहेत. ती घेताना ८३ डेसिबेलची चिमुकली पेटी घेऊ नये, ९५च्या पुढची घ्यावी.

वॅटचा प्रश्न आता विचारायला हरकत नाही, पण उत्तर पारखून घ्यावे. १९९० नंतरच्या दशकात आपल्या बाजारात कॅसेटच्या संचांवर 'पी. एम. पी. ओ.' या अक्षरांपुढे हजार-हजार वॅट छापलेले असत. त्या आकड्याला कोणतेही मानक नव्हते; प्रत्यक्ष शक्ती पाच-दहा वॅट असे. अमेरिकेत असल्या आकड्यांचा इतका सुळसुळाट झाला होता की, १९७४ साली तेथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला : दोन्ही बाजू एकदम चालवून, किती ओहमवर, कोणत्या कंपनांपर्यंत आणि किती विकृतीसह, हे सांगूनच वॅट जाहीर करावेत. आपणही हेच चार प्रश्न विचारावेत. आणखी एक सोपी युक्ती आहे. यंत्राच्या पाठीवर ते विजेच्या खांबावरून किती वॅट घेते हे लिहिलेले असते. साठ वॅट घेणारे यंत्र तासन्‌तास शंभर वॅट देऊ शकत नाही. निसर्गाच्या हिशेबवहीत उधारी नाही.

खरेदीचा क्रम आमच्या मते असा असावा. आधी खोली पाहावी, मग त्या खोलीत मावेल असा, आपल्या कानाला रुचेल असा स्पीकर निवडावा, त्याचे ओहम आणि डेसिबेल वाचावेत, आणि मग ॲम्प्लिफायर पाहावा. पैशाचा मोठा वाटा स्पीकरला द्यावा. कारण दोन बऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये बेताच्या आवाजावर कानाला कळेल असा फरक फार थोडा असतो, दोन स्पीकरांत तो पहिल्या तानेला कळतो. आमच्या या मताशी भांडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी खुशाल भांडावे. हल्ली ज्या स्पीकरांच्या पोटातच ॲम्प्लिफायर बसवलेला असतो, त्यांत ही जोडी कारखान्यानेच जमवून दिलेली असते. ज्यांना या सगळ्या कटकटीत पडावयाचे नाही त्यांनी ते घ्यावेत.

शेवटी तारेविषयी, कारण येथे लोक सर्वांत जास्त नाडले जातात. तारेचा रोध स्पीकरच्या ओहमांच्या पाच टक्क्यांच्या आत राहिला म्हणजे झाले. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची, घरातल्या विजेची तार पाच मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटरचा रोध ओहमच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. आठ ओहमच्या स्पीकरला ते दीड टक्काही नाही. हजारो रुपयांच्या तारा घेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. मात्र तार जोडताना तांबडी खुंटी तांबड्याला आणि काळी काळ्याला, हे दोन्ही बाजूंना सारखे पाहावे. एक बाजू उलटी झाली तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, खर्ज हवेतच एकमेकांना खातो आणि गवई दोन पेट्यांच्या मध्ये बसल्याचा भास नाहीसा होतो. जुन्या पेटीवरच्या खुणा पुसल्या असतील, तर ती ॲम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा घड्याळातला सेल तिच्या खुंट्यांना क्षणभरच टेकवावा आणि खर्जाच्या मोठ्या पडद्याकडे पाहावे. पडदा बाहेर आला तर सेलचे अधिक टोक ज्या खुंटीला लागले, ती तांबडी.